गारांनी टप पोचला, पैसे कोण देणार?

वाहन आणि विमा : वाचकांचे प्रश्न

गोव्यात गारा पडल्याचं क्वचितच ऐकू येतं. पण मार्च-एप्रिलमध्ये गोव्याच्या गाड्या चोर्ला नाहीतर आंबोली घाट चढून अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरला निघतात, आणि घाटावर वळवाच्या गारांचा हंगामही तोच. या वेळच्या पत्रांत गारपिटीचे प्रश्न जास्त आहेत. माड आणि पुराचेही काही सोबत घेतले आहेत, कारण पॉलिसीच्या कागदावर ही सगळी संकटं एकाच भागात येतात.

प्रश्न : एप्रिलमध्ये अक्कलकोटहून परतताना सोलापूरजवळ गारांत सापडलो. टप, बॉनेट आणि डिकीवर पोचेच पोचे झालेत, पुढची काच तडकली, एका आरशाचं कव्हर आणि मागचा दिवा फुटला. गाडी १२०० सीसीची, साडेतीन वर्षं जुनी. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह (स्वतःच्या गाडीचं आणि दुसऱ्याचं, दोन्ही नुकसान भरणारी) आहे, झिरो डेप (भाग जुने झाल्याची कपात टाळणारं जादा संरक्षण) नाही. घटना महाराष्ट्रात घडली, तर क्लेम गोव्यात करता येईल का? हातात किती पैसे येतील? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : क्लेम करता येईल. पॉलिसीच्या ओन डॅमेज (ओडी, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान) भागात कोणकोणत्या कारणांनी झालेलं नुकसान भरून मिळतं ते लिहिलेलं असतं. आग, वीज, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ, दरड यांच्याबरोबर तिथे गारपीटही नावानिशी असते. तिच्यासाठी वेगळं ॲड-ऑन (जादा हप्त्याचं संरक्षण) लागत नाही. पॉलिसी देशभर चालते, त्यामुळे घटना सोलापूरला आणि दुरुस्ती फोंड्याला, याला कुणी हरकत घेऊ शकत नाही.

क्लेम अडतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे कळवायला झालेला उशीर, आणि दुसरं म्हणजे सर्व्हेअरने (नुकसान तपासणाऱ्याने) बघण्याआधीच सुरू केलेलं काम. त्यामुळे गारा थांबल्या की तिथूनच पॉलिसीवरच्या टोल-फ्री नंबरवर फोन करावा आणि क्लेम नंबर घ्यावा. तुम्ही घरी येऊन दोन-तीन दिवसांनी कळवलं असलं तरी घाबरू नका. उशिराला खरं कारण असेल तर केवळ उशीर झाला म्हणून क्लेम फेटाळू नये, असं विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे. कारण मात्र लेखी द्यावं लागतं.

गाडी चालवत गोव्याला आणायची की नाही, हे काचेवर ठरवा. तडा चालकाच्या समोर असेल, किंवा काच हाताने दाबल्यावर हलत असेल, तर गाडी चालवू नका. पॉलिसीतच अट आहे की नुकसान झालेली गाडी दुरुस्तीआधी चालवली आणि त्यातून नुकसान वाढलं, तर वाढीव खर्च मालकाचा. घाटातल्या खड्ड्यांत तडा काठापर्यंत पोचतो आणि पावसाचं पाणी आत डॅशबोर्डच्या वायरिंगवर जातं. मग ते बिल कंपनी मानत नाही. गाडी ओढून जवळच्या गॅरेजात नेण्यासाठी साध्या पॉलिसीतही खासगी कारला १,५०० रुपयांपर्यंत खर्च मिळतो. रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर तेच आधी वापरा.

फोटो नीट काढणं हे या क्लेममधलं सर्वात महत्त्वाचं काम आहे. भर दुपारी वरून काढलेल्या फोटोत गारेचा पोचा दिसतच नाही, कारण तो उथळ आणि गोल असतो. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, पत्र्याच्या पातळीला कॅमेरा आणून फोटो काढा. गॅरेजात असाल तर पत्र्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडेल अशा जागी उभे राहा. प्रतिबिंबाची सरळ रेष जिथे वाकते तिथे पोचा असतो. गारा वितळण्याआधी एखादी गार रुपयाच्या नाण्याशेजारी ठेवून टिपा. नंबर प्लेट आणि नुकसान एकाच चौकटीत येईल असे दोन फोटो, किलोमीटरच्या आकड्याचा एक आणि गाडीभोवती फिरून घेतलेला एक व्हिडिओ एवढं असलं की पुरे. नंतर गाडी धुवून पुन्हा फोटो काढा, कारण धुळीखाली निम्मे पोचे लपलेले असतात.

सर्व्हेअर पोच्यांची दिशा बघतो. गारा वरून येतात, म्हणून मार बॉनेट, टप, डिकी आणि मडगार्डच्या वरच्या कडेवर असतो. वारा तिरपा असेल तर एका बाजूच्या दारांवरही असतो, पण दोन्ही बाजूंना सारखा सहसा नसतो. बंपरवरचे आडवे ओरखडे गारेचे नसतात, हे त्याला एका नजरेत कळतं. जुना ओरखडा या क्लेममध्ये घुसवू नका. त्यापायी खऱ्या पोच्यांवरही शंका येते, आणि वेगळ्या घटनेचं नुकसान वेगळा क्लेम धरून वजावट (प्रत्येक क्लेममधला मालकाने सोसायचा ठरावीक वाटा) दोनदा कापली जाते. ५०,००० रुपयांच्या वरच्या क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर लागतोच. त्याखाली कंपनीचा माणूस किंवा मोबाइलवरची व्हिडिओ तपासणी चालते. गारपिटीसाठी तपासणी प्रत्यक्षच मागा, कारण व्हिडिओत उथळ पोचे सुटतात. पोलीस तक्रार लागत नाही. क्लेम फॉर्म, आरसी, त्या वेळी गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स, पॉलिसी आणि गॅरेजचं अंदाजपत्रक पुरतं. काचेमागे कॅमेरा असलेली गाडी असेल तर काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. तो खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात लिहून घ्या. गाडी उघडल्यावर आत आणखी काही निघालं, तर काम थांबवून पुरवणी अंदाजपत्रक मंजूर करून घ्यायचं आणि मगच पुढे जायचं.

आता पैशांचं. झिरो डेप नसल्यामुळे नव्या भागांवर घसारा (भाग जुना झाल्याची कपात) कापला जाईल. काचेवर घसारा नाही. प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के. फायबरवर ३० टक्के. पत्र्यावर गाडीच्या वयानुसार : सहा महिन्यांपर्यंत शून्य, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रंगकामाच्या एकत्र बिलात २५ टक्के रक्कम सामानाची धरतात आणि तिच्या निम्मी कापतात. मजुरीवर घसारा नाही.

उदाहरण म्हणून तुमचं बिल असं धरू : नवं बॉनेट ९,००० रुपये, काच ७,०००, आरशाचं कव्हर आणि दिवा मिळून ६,०००, रंगकाम २०,०००, मजुरी १४,०००. एकूण ५६,०००. बॉनेटवर २५ टक्क्यांनी २,२५० गेले. प्लास्टिकवर ३,०००. रंगाचं सामान ५,००० धरून त्यातले २,५००. सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये असते, त्यावरच्या इंजिनाला २,०००. म्हणजे तुमच्या खिशातून ८,७५० आणि कंपनीकडून ४७,२५०. झिरो डेप असतं तर तुमचे फक्त १,००० गेले असते. जुन्या बॉनेटची भंगारातली किंमत कंपनी वजा करू शकते, म्हणून काढलेला भाग गॅरेजातून हलवू देऊ नका.

प्रश्न : अशाच गारांच्या माराने आमच्या गाडीच्या टपावर पोचे आहेत. एक गॅरेजवाला म्हणतो टप कापून नवा बसवू, दुसरा म्हणतो पुट्टी भरून रंगवू, तिसरा म्हणतो रंगाला हात न लावता पोचे काढतो. कुणाचं ऐकावं? (म्हापसा)

उत्तर : रंग कुठेही तडकला नसेल तर तिसऱ्याचं ऐका. गारांच्या पोच्यांवर हीच पद्धत सर्वात चांगली आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिला पेंटलेस डेंट रिमूव्हल म्हणतात. टपाचं आतलं अस्तर उतरवून लांब वाकड्या सळईने पोचा आतून थोडा थोडा वर ढकलतात. वर रेषांचा दिवा धरलेला असतो. रेष सरळ झाली की त्या पोच्याचं काम झालं. जिथे आतून आडवी पट्टी आहे आणि सळई पोचत नाही, तिथे वरून गोंदाने प्लास्टिकची चकती चिकटवून खेचतात. एकेका पोच्यावर कारागीर बराच वेळ घालवतो. घाईत एकदम ढकललं तर मध्ये टोक येतं आणि ते परत बसवणं कठीण जातं.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. पत्र्याच्या दुमडीवर किंवा काठावर आदळलेली गार, धारदार खोक, ताणला जाऊन दाबल्यावर टक्कन आतबाहेर होणारा पत्रा, किंवा पूर्वी पुट्टी भरून रंगवलेली जागा असेल तर नाद सोडा. पुट्टीवर गोंदाने खेचलं की रंगाचा तुकडाच हातात येतो. ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर काम होतं, पण वेळ आणि पैसे जास्त लागतात. लोहचुंबक चिकटत नसेल तर पत्रा ॲल्युमिनियमचा आहे असं समजा.

टप कापणं हा शेवटचा उपाय. टप खांबांना स्पॉट वेल्डिंगने जोडलेला असतो. कापून नवा बसवला की कारखान्यातलं गंजरोधक आणि सीलंट तिथून जातं. गोव्याच्या खाऱ्या हवेत पहिला गंज त्याच सांध्यात धरतो आणि जूनमधल्या पावसात पाणीही तिथूनच झिरपतं. गाडी विकताना किंमतही पडते. पुट्टीचं दुखणं वेगळं. टपावर थेट ऊन पडतं, पत्रा आणि पुट्टी वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत भेगा दिसायला लागतात.

रंग न काढता केलेल्या कामाचं बिल जवळजवळ सगळं मजुरीचं असतं. मजुरीवर घसारा नसल्यामुळे झिरो डेप नसलेल्याला यात अधिक पैसे मिळतात. मात्र सर्व्हेअरची लेखी मंजुरी आधी घ्या. हेअर ड्रायर आणि बर्फाने पोचे निघतात असं मोबाइलवर फिरतं. त्याने पोचे क्वचितच निघतात, रंगाची लॅकर मात्र नक्की बिघडते. काम झाल्यावर गाडी ट्यूबलाइटखाली बघा आणि टपावर दहा मिनिटं पाइपने पाणी सोडून आतलं अस्तर हाताने चाचपा.

प्रश्न : दुरुस्तीचा खर्च १३,००० सांगितला आहे. माझा एनसीबी (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) ५० टक्के आहे. क्लेम करू की नको? (मडगाव)

उत्तर : बहुतेक करून नको. हिशेब असा. क्लेम न केलेल्या वर्षांगणिक ओडी हप्त्यावरची सूट २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी चढते. एक क्लेम झाला की पुढच्या नूतनीकरणाला ती शून्यावर येते आणि पुन्हा पहिल्यापासून चढावी लागते. तुम्ही ५० वर असाल तर पुढच्या पाच वर्षांत अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, मिळून १२५ टक्के सूट गमावता. सूट वजा करण्याआधीचा तुमचा ओडी हप्ता १०,००० रुपये असेल तर हे १२,५०० झाले, आणि १८ टक्के जीएसटी धरून १४,७५०. गाडीची किंमत उतरते तसा हप्ताही उतरतो, म्हणून खरा आकडा थोडा कमी येईल. १३,००० च्या बिलातून घसारा आणि वजावट गेल्यावर हातात येणार त्याहून कमीच. तुमच्या पॉलिसीवरचा हप्ता घेऊन हाच हिशेब करा.

ज्यांची सूट आत्ता २० टक्क्यांवर आहे, त्यांचं नुकसान याच पद्धतीने ८० टक्के भरतं. एनसीबी प्रोटेक्टर (ही सूट राखणारं ॲड-ऑन) घेतलं असेल तर हा सगळा विचारच नको, क्लेम करा. एनसीबी गाडीचा नसून मालकाचा असतो. गाडी विकली तर प्रमाणपत्र घेऊन तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो. कंपनी बदलताना झालेला क्लेम लपवू नका. नवी कंपनी जुनीकडून खात्री करून घेते, आणि पुढच्या क्लेमच्या वेळी ते महागात पडतं.

प्रश्न : गाडी घेऊन दीड वर्ष झालं, आणि आता गारांनी पोचे पडलेत. पॉलिसीवर मुदत तीन वर्षांची लिहिली आहे, तरी कंपनी म्हणते विमा संपला. हे कसं? (पर्वरी)

उत्तर : १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा एकदम घ्यावा लागतो. पण त्याच कागदावरचा ओन डॅमेज भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. तुमची ठळक छापलेली तारीख थर्ड पार्टीची आहे. ओडीची मुदत त्याच पानावर वेगळ्या रकान्यात असेल आणि ती सहा महिन्यांपूर्वी संपली असेल. गारपीट, पूर, चोरी, माड सगळं ओडीत येतं, त्यामुळे आजचं नुकसान मिळणार नाही. स्वतंत्र ओडी पॉलिसी आता लगेच घ्या. खंड पडल्यामुळे कंपनी आधी गाडी तपासेल आणि आहेत ते पोचे नोंदवून बाजूला ठेवेल. ९० दिवसांहून जास्त खंड पडला असल्यामुळे जमलेला एनसीबीही गेला.

प्रश्न : पावसात अंगणात उभ्या असलेल्या गाडीत सीटपर्यंत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर चालू करून बघावी का? (डिचोली)

उत्तर : अजिबात नाही. चावीही फिरवू नका, काचा उतरवण्यासाठीसुद्धा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि स्टार्टर फिरला, तर पिस्टन वर येतो, पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन उघडण्याचा हा खर्च साध्या पॉलिसीत मिळणं कठीण, कारण पुराने गाडी भिजली आणि इंजिन मोडलं ते चालू केल्यामुळे, असा युक्तिवाद कंपनी करते. इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन याच्यासाठीच आहे, आणि वाळवंटीच्या किंवा म्हादईच्या काठी राहणाऱ्यांनी ते घ्यावंच. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी आणि डिचोलीत पाणी कुठवर आलं होतं, ते आठवून बघा.

दारावरच्या चिखलाच्या रेषेचा फोटो काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. ढकलून गिअरमध्ये टाकू नका. गाडी सपाट ट्रकवर चढवूनच गॅरेजात न्या, ऑटोमॅटिक असेल तर दुसरा मार्गच नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबलना हात लावू नका. सीट आणि गालिचे सुकवणं, वायरिंग हा खर्च साध्या पॉलिसीतूनही मिळतो. दुरुस्तीचा आकडा आयडीव्हीच्या (पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या विमा किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरून आयडीव्हीची रक्कम देतात. एनसीबीची सूट वगैरे न बघता पुराचा क्लेम सरळ करावा.

प्रश्न : शेजाऱ्याच्या माडाचा नारळ गाडीच्या काचेवर पडला. क्लेम शेजाऱ्यावर करायचा का? (पेडणे)

उत्तर : तुमच्या ओडीवर करा. बाहेरून झालेला अपघाती आघात म्हणून तो मान्य होतो, आणि पूर्ण झाड पडलं तरी तेच. मे २०२१ च्या तौक्ते वादळात गोव्यात झाडं पडली, तसा प्रसंग आला तर अग्निशामक दलाने झाड कापण्याआधी गाडीसकट फोटो काढा. नुसत्या काचेवर घसारा नाही, पण एनसीबी जाऊ शकतो. काचेच्या दुरुस्तीचा वेगळा लाभ पॉलिसीत आहे का ते आधी बघा.

प्रश्न : पांढऱ्या प्लेटची खासगी कार ओळखीच्या पर्यटकांना भाड्याने देतो. अशा वेळी नुकसान झालं तर? (कळंगुट)

उत्तर : मिळणार नाही. खासगी पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो, मग नुकसान गारेने होवो नाहीतर नारळाने. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असलेल्या परवान्याच्या रेंट-अ-कॅबची पॉलिसी वेगळी असते. हा वापर बंद करा किंवा रीतसर परवाना घ्या.

प्रश्न : सर्व्हेअरने अर्धे पोचे जुने म्हणून वगळले. पुढे काय करता येईल? (केपे)

उत्तर : सर्व्हे अहवालाची प्रत लेखी मागा. ती मिळवणं तुमचा हक्क आहे. कोणता पोचा कोणत्या कारणाने वगळला ते त्यात असायला हवं. गारपिटीआधीचा गाडीचा कुठलाही फोटो, सर्व्हिसिंगच्या वेळचं जॉब कार्ड, नूतनीकरणाच्या तपासणीचे फोटो, यांतलं जे असेल ते जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. जॉब कार्डवर गॅरेजवाले गाडी आत घेताना ओरखडे-पोचे चितारून ठेवतात, म्हणून तो कागद सर्वात उपयोगी. दाद लागली नाही तर नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते. कंपनीने नकार दिला किंवा एक महिन्यात उत्तरच दिलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तोपर्यंत वादातल्या पोच्यांचं काम करून घेऊ नका. मान्य झालेलं काम मात्र करून घ्यायला हरकत नाही, फक्त पैसे घेताना 'पूर्ण आणि अंतिम' लिहिलेल्या कागदावर सही करू नका.